जित्या बापांचं ऋण

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावोगावी एक गोष्ट कुणी न सांगता घडते. ज्या घरातला बाप गेला आहे त्या घरात त्याच्या तिथीला पान वाढलं जातं, कावळ्याला घास ठेवतात, भावकी जेवायला येते. तिथी आठवत नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच. या व्यवस्थेला कार्यालय नाही, निधी नाही, अध्यक्ष नाही, वार्षिक अहवाल नाही. दुष्काळात पान साधं होतं, एवढाच काय तो फरक. मेलेल्या बापासाठी वर्षातला पंधरवडा राखून ठेवणाऱ्या या समाजात जित्या बापासाठी राखलेला असा एकही दिवस नाही. (जूनमधला फादर्स डे धरत नाही, तो मोबाइलवरच्या फुलांपुरता आहे.) पहिलं मूल झालेला तरुण, कर्ज डोक्यावर घेऊन मुलीची फी भरणारा शेतकरी, सहा महिने ऊसतोडीला जाऊन परत येईपर्यंत लेकराला अनोळखी झालेला मजूर, या माणसांना बाप म्हणून हात देणारं काही उभं राहिलं, तर ते बहुधा एखाद्या संस्थेचा प्रकल्प असतं आणि प्रकल्पाची मुदत संपली की तेही संपतं. असं का होतं याचं उत्तर आपण पैशात शोधतो. माझ्या मते ते आपल्या धर्मविचारात आहे. बापांना आधार देणं हे आपण दान समजतो आणि दान देणाऱ्याच्या ऐपतीबरोबर आणि उत्साहाबरोबर ओसरतं. ते ऋण मानलं तर त्याची रीत बदलते, फेडणारे बदलतात आणि मुख्य म्हणजे त्याला मुदत राहत नाही.

ऋण हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो, हा विचार तैत्तिरीय संहितेइतका जुना आहे. ऋषींचं ऋण अध्ययनाने, देवांचं यज्ञाने आणि पितरांचं संततीने फेडायचं. मनुस्मृतीने पुढे बजावलं की ही तिन्ही फेडल्याशिवाय मोक्षाकडे वळू नये. यातल्या तिसऱ्या ऋणाचा हिशेब आपण नीट मांडलेला नाही. आपण ते फक्त मुलाच्या खात्यावर टाकतो: बापाने वाढवलं, म्हणून मुलाने म्हातारपणी सांभाळावं आणि मेल्यावर पिंड द्यावा. मूळ मांडणी मात्र वेगळं सांगते. पितरांचं ऋण फेडायचं ते पुढच्या पिढीला जन्म देऊन आणि वाढवून. मागे घेतलेलं पुढे द्यायचं. म्हणजे माणूस बाप होतो तो काही नव्याने कमावत नसतो, तर परंपरेने त्याच्यावर ठेवलेलं देणं फेडायला बसलेला असतो. आता ज्या समाजाने हे देणं त्याच्या माथी मारलं, लग्न कर, वंश चालव, म्हणून पंचविशीतच त्याच्या मागे लकडा लावला, त्या समाजाने फेडीच्या काळात त्याच्याकडे पाठ फिरवावी हे कुठल्या न्यायात बसतं? वसुली सामुदायिक आणि फेड एकट्याची, असा हा व्यवहार आहे. बापाचं ऋण मुलावर जेवढं आहे तेवढंच गावावरही आहे, कारण त्या फेडीतून निघणारं माणूस गावाला मिळतं.

या व्यवहाराचा अन्याय ज्याने सर्वांत कडवटपणे भोगला तो बाप या जिल्ह्याच्या इतिहासाशी जोडलेला आहे. परंपरा सांगते ती विठ्ठलपंतांची कथा अशी: आपेगावचे विठ्ठलपंत आळंदीच्या सिद्धोपंतांचे जावई. मूलबाळ नसतानाच ते काशीला जाऊन संन्यासी झाले. गुरूंना खरा प्रकार कळल्यावर त्यांनी त्यांना परत गृहस्थाश्रमात पाठवलं. शास्त्राच्या भाषेत बोलायचं तर पितरांचं ऋण न फेडता मोक्षाकडे निघालेल्या माणसाला गुरूंनी फेडीसाठी परत लावलं. त्यांनी ते फेडलंही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार मुलं झाली. पण संन्याशाने परत संसार मांडला म्हणून धर्मसभेने कुटुंबाला वाळीत टाकलं आणि मुलांच्या मुंजीचा प्रश्न आला तेव्हा आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. दोघांनी ते घेतलं. मुलांसाठी जीव दिला, म्हणून आपण त्या बापाला हात जोडतो. त्याला जीव द्यावा लागला तो मात्र कुणीही शेजारी, सोयरा, पंच त्याच्या बाजूने उभा राहिला नाही म्हणून. हा भाग कीर्तनात डोळे पुसत ऐकला जातो आणि तिथेच सोडला जातो. ज्या शास्त्राने संतती उत्पन्न कर म्हटलं, त्याच शास्त्राच्या रखवालदारांनी ती वाढवायला बाप जिवंत ठेवला नाही.

पुढे ही पोरकी मुलं पैठणहून नेवाशाला आली आणि प्रवरेकाठी, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका सांगितली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असं मानतात तो आजही नेवाशात पूजला जातो. त्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी एक दृष्टान्त आहे. लहान मूल बापाच्या ताटात येतं आणि बापालाच घास भरवू लागतं. बाप आनंदाने तोंड पुढे करतो. श्रोत्यांपुढे आपण असे आहोत, असं ज्ञानदेव म्हणतात. बाप गमावलेल्या पोराने जमलेल्या समुदायाला बापाच्या जागी बसवावं, यात नम्रता आहेच, पण मला त्यात एक मागणीही ऐकू येते. एका समुदायाने बाप हिरावून घेतला. दुसऱ्या समुदायाने, नेवाशाच्या श्रोत्यांनी, ती जागा भरावी. वारकरी परंपरेत संतांना मायबाप म्हणण्याची जी रीत आहे तिला या कुटुंबाच्या इतिहासाशी जोडून वाचलं की ती भावनेची गोष्ट उरत नाही; समुदायाने पालकत्वाची जबाबदारी उचलण्याचा तो दावा होतो. या दाव्याचा उरलेला अर्धा भाग आपल्याला अजून मांडायचा आहे: पोरक्याला मायबाप होणारा समुदाय, पोरकं करण्याआधी त्या बापाला काय होतो?

हे तत्त्व झालं. तत्त्व टिकवायचं कसं, हा प्रश्न आला की लोक म्हणतात, चांगला माणूस मिळाला तर चालतं, नाहीतर नाही. जिल्ह्यातल्याच दोन परंपरा याला उत्तर देतात. श्रीरामपूर तालुक्यातल्या सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा अखंड हरिनाम सप्ताह पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. गंगागिरी महाराज गेले, त्यांच्यामागून गादीवर आलेले महंत गेले, आणि सप्ताह दर श्रावणात वेगवेगळ्या गावी भरतोच. पाथर्डी तालुक्यातल्या भगवानगडाचा नारळी सप्ताह तर टिकण्याची युक्ती नावातच घेऊन फिरतो. या वर्षीच्या सप्ताहाच्या सांगतेला पुढच्या गावाला नारळ दिला जातो आणि नारळ घेतला की ते गाव वर्षभर बांधलं जातं. या रचनेत तीन गोष्टी आहेत. दिवस ठरलेला असतो, तो सोयीने ठरवत नाहीत. जबाबदारी फिरते, त्यामुळे कुणी कायमचा दाता आणि कुणी कायमचा लाभार्थी होत नाही. यंदा जेवणारा पुढच्या साली वाढणारा असतो. आणि थांबणं हा निर्णय कुणाच्याच हातात नसतो. थांबायचं तर कुणीतरी नारळ नाकारावा लागतो आणि तो नाकारण्याची नामुष्की सप्ताहाच्या खर्चापेक्षा जड असते. तीन वर्षांच्या प्रकल्पात नेमकं उलटं असतं: चालू ठेवण्यासाठी दरवेळी नवा निर्णय लागतो, आणि थांबायला काहीच लागत नाही.

धार्मिक रचनेबाहेरही हे चालतं का? जामखेड तालुक्यात याची परीक्षा झालेली आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या, पुष्कळदा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७१ साली तिथे दर हजार जन्मांमागे १७६ मुलं वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकात हा आकडा विशी-पंचविशीत आला. ही कथा जगभर सांगितली जाते ती बायकांची म्हणून, आणि ते योग्यच आहे. तिच्या कडेला असलेली पुरुषांची शेतकरी मंडळं मात्र विसरली जातात. आरोळ्यांनी गावातल्या पुरुषांनाही संघटित केलं, आणि त्यांना बाप म्हणून न बोलावता शेतकरी म्हणून बोलावलं. बहात्तरच्या दुष्काळाचे ते दिवस होते. विहिरी, बांधबंदिस्ती, बियाणं, जनावरं हे विषय होते, आणि त्याच बैठकीत पाण्याबरोबर पोरांचे जुलाब, लसीचा दिवस, कुष्ठरोग्याला पंगतीत घेणं हेही विषय येऊ लागले. मला यातली शहाणीव मोठी वाटते. तुम्ही कमी पडता म्हणून तुम्हाला शिकवतो, असं सांगितलं की खेड्यातला पुरुष उठून जातो. दुसऱ्या दिवशी तर येतच नाही. पण कामासाठी जमलेल्या पुरुषांत एकाने पोराला दवाखान्यात नेलं हे दुसऱ्याला कळतं, तेव्हा बापपण शिकवण्याचा विषय उरत नाही, ते गावातल्या चारचौघांत बोलण्यासारखं होतं.

जामखेड टिकलं त्याचं कारण प्रशिक्षण चांगलं होतं एवढंच नाही. चांगली प्रशिक्षणं देशात शेकड्याने झाली आणि विरली. तिथे आरोग्यसेविका आठवड्याला जमत राहिल्या. शिकलेली बाई नव्या बाईला शिकवत राहिली. पाळी कधी संपलीच नाही. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम चालू आहे. यावर कुणी म्हणेल की तिथेही धुरा आरोळे कुटुंबातच राहिली, आणि सप्ताहालाही गादी आणि महंत लागतोच. हे खरं आहे. पूर्ण निर्नायक टिकाऊपणाचं उदाहरण मला दिसत नाही. पण गादीवर कोण बसतं यापेक्षा नारळ कोण घेतं यावर त्या रचनेचं आयुष्य जास्त अवलंबून असतं. मुंबईत १९९३ पासून पुरुषांमध्ये काम करणारी ‘मावा’ ही संघटना पाहा: तिने ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक काढला, म्हणजे मराठी माणसाच्या वर्षात आधीच ठरलेल्या एका मुहूर्तावर आपला विषय नेऊन बसवला. पुरुषांच्या प्रश्नांवर शिबिर भरवणं सोपं आहे. त्याला पंचांगात जागा मिळवून देणं अवघड आणि अधिक मोलाचं.

आता बापांना आधार म्हणजे नेमकं काय, हे स्पष्ट केलं पाहिजे, नाहीतर शब्दांचा फुलोरा व्हायचा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. या व्यवहाराचं एकक माणूस नाही, कोयता आहे, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. कामावर न आलेल्या दिवसाचा खाडा कापला जातो. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला मूल झाल्यावर पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. फडातल्या बापाला मूल झालं आणि तो दोन दिवस बायकोजवळ थांबला तर ते दोन दिवस त्याच्या नावावर कर्ज म्हणून चढतात. लेकरं एकतर फडावर पाचटात वाढतात, किंवा म्हाताऱ्यांपाशी आणि हंगामी वसतिगृहात. सरकारने साखरशाळा, वसतिगृहं, ऊसतोड कामगार महामंडळ हे सगळं उभं केलं, आणि त्याचा उपयोग आहे. पण या साऱ्या रचनेत बाप दिसतो तो सही करणारा किंवा उचल घेणारा म्हणून. सहा महिने ताटातूट झालेल्या बापाला घरी आल्यावर लेकराच्या आयुष्यात परत कसं शिरायचं, हे कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. जिथे आधार उभा करायचा ती जागा ही आहे: खाड्याच्या दोन दिवसांची भरपाई गावाने करायची, मागे राहिलेल्या मुलांचा शाळेतला निरोप फडापर्यंत पोचवायचा, आणि कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं परतली की पहिल्याच पंधरवड्यात बापांना शाळेत, अंगणवाडीत, बाळाच्या वजनाच्या दिवशी बोलवायचं. यातलं काहीच महाग नाही. दर साली तेच करत राहणं मात्र कठीण आहे, आणि त्यासाठीच नारळ लागतो. गावात ज्यांची मुलं मोठी झाली त्यांनी या वर्षी ज्यांची लहान आहेत त्यांचा भार घ्यायचा. पुढे त्यांनी इतरांचा. पितृऋणाची मूळ दिशाही हीच आहे, मागून घेऊन पुढे देण्याची.

या विचारावर सर्वांत मोठा आक्षेप बायकांच्या बाजूने येतो, आणि तो टाळता येत नाही. घरातली सत्ता, सातबारा, बाहेर जाण्याची मोकळीक, हे सगळं ज्याच्याकडे आहे त्यालाच वर आधार कशाला? आईला आधी द्या. बापांच्या नावाने जमलेला पैसा आणि वेळ शेवटी पारावरच्या गप्पांत जाईल आणि बाई चुलीपुढेच राहील. ज्या सप्ताहाचे मी गुण गायले तिथेही कीर्तनाला बसलेले पुरुष आणि भाकऱ्या थापणाऱ्या बायका ही वाटणी डोळ्यांआड करता येत नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर पाय ठेवायला बायकांना २०१६ उजाडावं लागलं. या आक्षेपाला माझं उत्तर असं की बापांसाठीच्या कोणत्याही उपक्रमाची कसोटी बापाकडे नाही, आईकडे आहे. वर्षाने तिला विचारायचं: तुझं काम किती हलकं झालं, किती रात्री तू एकटी जागलीस, मार थांबला का? उत्तर समाधानाचं नसेल तर तो उपक्रम बंद करावा, त्याच्या टिकण्याचा सोहळा करू नये. टिकणं हा गुण मुळातच दुय्यम आहे. वाईट रूढीही टिकतात. पण एवढं मान्य करूनही बापाला बाजूला ठेवून आईला आधार देण्याचं धोरण किती पुरं पडतं? गेली पन्नास वर्षं बाळाचं वजन, लस, आहार हे सगळं आपण आईच्याच पदराला बांधत आलो. त्यातून मुलं वाचली. पण मूल ही बाईची बाब आहे हा समजही सरकारी शिक्क्याने पक्का झाला. बापाला वगळणं ही बाईवर केलेली मेहेरबानी नव्हती.

बापाला आधार न देता शिस्त लावायची, हे दुसरं उत्तर राळेगण सिद्धीचं आहे. अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतले, यादवबाबांच्या मंदिराभोवती गाव उभं केलं आणि दारू बंद केली. दारू पिऊन आलेल्याला खांबाला बांधून मारलं जाई. हे त्यांनी स्वतःही लपवलेलं नाही. एका ब्रह्मचाऱ्याने गावातल्या बापांना शिस्त लावली, यातला विरोधाभास जरा बाजूला ठेवू. त्या काळात कित्येक घरांतली भांडी विकायची थांबली असतील, आणि ज्या बाईच्या अंगावरचे वळ गेले तिला खांबाच्या नैतिकतेची चर्चा सांगायला जाण्यात अर्थ नाही. तरीही दंडाने बापाची बाटली सुटते, बापपण येत नाही. शिवाय दंड चालवणारा हात सैल झाला की पुढे काय, याचं उत्तर दंडाच्या पोटात नसतं. त्याच परिसरातल्या हिवरे बाजारने १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या सरपंचकीत नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे ग्रामसभेतून ठरवलं. लग्नाआधी एचआयव्ही तपासणीचा निर्णयही तिथे गावाने घेतला, म्हणजे होऊ घातलेल्या बापाकडून काय अपेक्षा आहे हे खासगी न ठेवता ग्रामसभेत बोललं गेलं. हे थोडं धाकाचंच वाटेल आणि आहेही. पण सभेत बसलेला माणूस उद्या सभा चालवणाराही असतो, खांबाला बांधलेला नसतो. टिकाऊपणाच्या दृष्टीने हा फरक मला निर्णायक वाटतो.

आणखी एक आक्षेप आहे, तो मला अधिक टोचतो. गाव, समुदाय हे शब्द मी सरसकट वापरत आलो. पण गाव म्हणजे कोण? विठ्ठलपंतांना वाळीत टाकणारंही गावच होतं. जामखेड तालुक्यातल्याच खर्डा गावात २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. पुढे खटल्यात बरेच साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्या मुलाच्या बापामागे गाव कुठे होतं? ज्या तालुक्यात आरोळ्यांनी जातीच्या भिंती ओलांडून पुरुष एकत्र बसवले, तिथेच हे घडलं. ज्या चोंडीच्या माणकोजी शिंद्यांनी अठराव्या शतकात मुलीला, अहिल्येला, अक्षरओळख दिली असं सांगतात, आणि जिच्या नावाने आज जिल्हा ओळखला जातो, ती चोंडीही याच तालुक्यात आहे. म्हणून गाव आपोआप मायबाप होतं असं मी म्हणणार नाही. ऋणाचा विचार इथे दानापेक्षा कडक ठरतो, एवढाच माझा दावा आहे. दान कुणाला द्यावं हे दाता निवडतो. आपल्या वाडीतल्याला देतो, वेशीबाहेरच्याला वगळतो, आणि तरी दानशूरच राहतो. ऋणात सावकार निवडता येत नाही. या गावाची शाळा, या गावाचं शेत, या गावाची मजुरी ज्यांच्या लेकरांवर चालते त्या प्रत्येक बापाचं गाव लागतं. नारळ फिरतो त्या यादीत बौद्धवाडा, मुसलमान मोहल्ला, भिल्लांची वस्ती, अमेरिकन मिशनच्या काळापासूनची ख्रिस्ती घरं येत नसतील, तर ते जुनं धर्मपीठच नव्या नावाने बसलेलं आहे असं समजावं. आणि नारळच हवा असाही हट्ट नको. जुम्म्याची नमाज, रविवारची उपासना, विहारातली वंदना यांचेही दिवस ठरलेले आहेत, पाळ्या ठरलेल्या आहेत. जमणं त्यांना कुणी शिकवायला नको.

हे सगळं सरकारने करावं, असं म्हणणाऱ्यांशी माझं फारसं भांडण नाही. खाडा कापणं कायद्याने थांबवलं तर गावाला भरपाई द्यावी लागणार नाही, आणि ते चांगलंच. पण सरकारी मदतीला पात्रतेचा निकष लागतो, तो लागणारच. शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्याच्या घराला एक लाख रुपये मिळतात आणि त्याआधी समिती ठरवते, ही आत्महत्या पात्र की अपात्र. कागद नसलेला, कर्ज सावकाराचं असलेला, दारूची सवय असलेला बाप अपात्र ठरू शकतो. बापांसाठीच्या प्रत्येक उपक्रमालाही नेमकी हीच चटक लागते. जे नियमित येतात, नीट बोलतात, ज्यांचा फोटो काढता येतो, त्या चांगल्या बापांभोवती काम फिरू लागतं, आणि ज्यांच्या लेकरांना सर्वांत जास्त गरज आहे ते बाप पहिल्या महिन्यातच यादीतून गळतात. दान असेल तर हे ठीक. लायकी पाहूनच दान करावं असं शास्त्रही सांगतं. ऋणाच्या व्यवहारात समोरचा लायक आहे का हा प्रश्नच येत नाही. हात उगारणाऱ्या बापापासून आधी त्याच्या बायकोला आणि मुलांना सोडवायचं, तक्रार द्यायला तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जायचं, साक्ष द्यायची वेळ आली तर ती फिरवायची नाही. यात कसलीही तडजोड नाही. आणि हे करणारी माणसं त्याच्याच पाळीतली, त्याच्याबरोबर बांधावर राबलेली असली पाहिजेत, म्हणजे शिक्षा भोगून तो परत आल्यावरही त्याच्या दारात जाण्याचं काम कुणाचं हे ठरलेलं असेल. असा बाप बदलेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पण यादीत त्याचं नाव ठेवायचं की खोडायचं, हे ठरवण्याचा अधिकार पाळी घेणाऱ्यांना नसावा.